ग्रामीण रुग्णालयातील मानसिक आरोग्य ओपीडी: गोळ्यांबरोबर कंबर, शुगर आणि चरबीही पाहणारी सेवा

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी येते, आणि त्या दिवशीच्या ओपीडीत माझा धाकटा भाऊ स्किझोफ्रेनियासाठी उपचार घेतो. तालुक्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण आमच्याकडे गाव आणि आजार एवढ्या दोन गोष्टींवरून माणूस ओळखला जातो. गोळ्या मोफत मिळणे हे या सेवेचे वैशिष्ट्य आहे, परंतु ते बहुतेक सरकारी रुग्णालयांबाबत म्हणता येईल. मला लिहावेसे वाटले ते दुसऱ्या कारणासाठी. मनाच्या आजारावरील गोळ्या शरीरातील मेद, कोलेस्टेरॉल आणि साखर यांचे काम बिघडवू शकतात, आणि हा बिघाड वेळेवर हुडकणे हा उपचाराचाच भाग आहे, असे मानून चालणारी ओपीडी मी प्रथमच पाहिली. ती सर्व बाबतींत परिपूर्ण नाही, आणि जिथे ती कमी पडते तेही पुढे लिहिले आहे.

येथे केसपेपर काढल्यावर रुग्ण थेट डॉक्टरांसमोर जात नाही. आधी चप्पल काढून वजन होते, नंतर बीपी, आणि त्यानंतर बेंबीच्या पातळीवर टेप लावून कंबर मोजली जाते. स्त्रियांची कंबर सिस्टर पडद्याआड मोजतात, त्यामुळे कोणालाही संकोच होत नाही. हे तीनही आकडे केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात तारखेसह लिहिले जातात आणि मागील महिन्याचे आकडे त्यांच्या शेजारीच दिसतात. आपल्याकडील लोकांसाठी पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटर आणि स्त्रीची 80 सेंटिमीटर ही धोक्याची रेषा धरली जाते. युरोपीय पुरुषांसाठीची रेषा याहून वर आहे, कारण भारतीय शरीरात दिसायला बारीक असतानाही पोटाच्या आत चरबी लवकर साठते. शेतमजुरी करणाऱ्या सडपातळ माणसाला काट्यावरचे वजन जे सांगत नाही ते टेप सांगतो, असे तेथील सिस्टरांनी मला समजावले, आणि आमच्या घरातील उदाहरणाने ते पुढे पटले.

येथे येण्यापूर्वी भावाचा उपचार जिल्ह्याबाहेरच्या एका खासगी दवाखान्यात चालू होता. ओलान्झापिन ही गोळी सुरू झाल्यावर त्याला ऐकू येणारे आवाज थांबले, झोप परत आली, तो घरच्यांशी बोलू लागला. त्या औषधाचे आणि त्या डॉक्टरांचे हे ऋण मी कधीही नाकारणार नाही. मात्र तेथे कोणीही त्याचे वजन केले नाही, शुगर किंवा लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची तपासणी) करायला सांगितले नाही, आणि भूक वाढेल अशी सूचनाही दिली नाही. वर्षभरात त्याचे वजन 52 किलोवरून 68 किलोवर गेले. आमच्या घरात याचा आनंदच झाला. ज्या मुलाने महिनोन्‌महिने ताट बाजूला सारले होते तो दोन भाकरींऐवजी पाच भाकरी खातो, रात्री उठून डब्यात हात घालतो, हे आईला बरे होण्याचे लक्षण वाटणे स्वाभाविक होते.

ग्रामीण रुग्णालयातील पहिल्या भेटीत आईने हेच विचारले. "डॉक्टर साहेब, पोरगं कसं वाळून गेलं होतं. आता आंग भरलं, हे त बरंच झालं न?" डॉक्टरांनी टेपचा आकडा तिला दाखवला आणि म्हणाले, "आई, हातापायावर भरलं असतं त मलेही आनंद झाला असता. याचं सगळं पोटावर गेलं, अन् रक्तात किती गेलं ते आता पाहू." कंबर 96 सेंटिमीटर भरली होती. बाहेर मोठी रांग होती, तरीही त्यांनी आईला हे समजावून सांगण्यासाठी वेळ काढला, हे येथे नोंदवले पाहिजे. रुग्णाच्या ताटात काय पडते ते घरातील बाईच्या हातात असते, आणि तिला कारण कळल्याशिवाय कोणताही आहाराचा कागद उपयोगी पडत नाही.

ते कारण मी त्यांच्याकडून ऐकले आणि विज्ञान शिकवण्याची सवय असल्यामुळे नंतर सविस्तर वाचले. ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही औषधे मेंदूतील डोपामिन या संदेशवाहक रसायनाचा अतिरेक आवरतात, पण त्याचबरोबर हिस्टामिनचा एच-1 आणि सेरोटोनिनचा 5-एचटी-2-सी हे रिसेप्टरही (अशा रसायनांचा संदेश घेणारे पेशींवरील बिंदू) अडवतात. पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या यंत्रणेत या दोन्ही रिसेप्टरांचा वाटा असल्यामुळे रुग्णाला पोटभर जेवूनही भूक राहते, आणि त्या भुकेला खादाडपणा किंवा आळस समजून त्याला बोलणे हा त्याच्यावर अन्याय आहे. केवळ जास्त खाण्यानेच सगळे घडते असेही नाही. निरोगी स्वयंसेवकांना थोडे दिवस ओलान्झापिन देऊन केलेल्या प्रयोगात वजन वाढण्याआधीच इन्सुलिनचा प्रभाव कमी झालेला आढळला आहे. स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर एम-3 नावाचा रिसेप्टर असतो, आणि ही दोन औषधे त्यालाही अडवतात; त्यामुळे साखर वाढली की जेवढे इन्सुलिन सुटायला हवे तेवढे सुटत नाही.

मेदाच्या बाबतीत गोष्ट यकृतापर्यंत जाते. पेशीत कोलेस्टेरॉल किती आहे याचा अंदाज घेऊन त्याचे उत्पादन वाढवणारी किंवा थांबवणारी प्रथिने शरीरात असतात. त्यांना एसआरईबीपी म्हणतात. मानसविकारावरील अनेक औषधांचे रेणू मेदात मिसळणारे असल्यामुळे ते पेशीच्या आतील कोलेस्टेरॉलच्या वाहतुकीत अडथळा आणतात, आणि कोलेस्टेरॉल असूनही ते कमी पडले आहे असा संदेश या प्रथिनांना जातो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत क्लोझापिनसारख्या औषधांनी ही प्रथिने जागी होतात आणि कोलेस्टेरॉलबरोबर मेदाम्ले (चरबीचे घटक) तयार करणारी जनुकेही कामाला लागतात, असे दिसले आहे. त्यात इन्सुलिनचा प्रभाव कमी झाला, तर साठवलेल्या चरबीतून मेदाम्ले सुटून यकृताकडे येतात आणि यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) करून रक्तात सोडते. म्हणून या रुग्णांच्या रिपोर्टमध्ये सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त ट्रायग्लिसराइड वाढतात, चांगले समजले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल घसरते, आणि वाईट समजले जाणारे एलडीएल तुलनेने कमी हलते.

हे समजल्यावर भावाचा पहिला रिपोर्ट वाचता आला. एकूण कोलेस्टेरॉल 198 होते, म्हणजे 200 च्या आत, आणि रिपोर्टवर त्या ओळीपुढे कोणतीही खूण नव्हती. फक्त तेवढा आकडा पाहणाऱ्याने सर्व ठीक आहे असे सांगून घरी पाठवले असते. पण ट्रायग्लिसराइड 286 होते, जे 150 च्या आत असावेत. एचडीएल 33 होते, जे पुरुषात 40 च्या वर असावे. आणि उपाशीपोटी शुगर 106, जी 100 च्या आत असायला हवी. कंबर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, शुगर आणि बीपी या पाचांपैकी तीन बिघडले की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. भावाचे चार बिघडले होते, तेही वयाच्या तिशीच्या आत. कोणत्याही ओपीडीत गेलात तर रिपोर्टमधील एकूण कोलेस्टेरॉलच्या ओळीवर न थांबता ट्रायग्लिसराइड आणि एचडीएलच्या ओळी डॉक्टरांकडून वाचून घ्या, असा माझा सर्वांना आग्रह आहे.

सगळी औषधे सारखी नाहीत. या ओपीडीच्या भिंतीवर कोणत्या गोळीने वजन किती वाढू शकते हे दाखवणारा हाताने लिहिलेला तक्ता लावलेला आहे. वरच्या टोकाला क्लोझापिन आणि ओलान्झापिन, मध्ये क्वेटियापिन आणि रिस्पेरिडोन, आणि खालच्या टोकाला अरिपिप्राझोल, लुरासिडोन व झिप्रासिडोन अशी त्याची मांडणी आहे. 2020 साली 18 औषधांची तुलना करणारे मोठे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्याचा निष्कर्षही याच क्रमाला धरून आहे. अमेरिकेत 1493 रुग्णांवर झालेल्या आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या केटी अभ्यासात ओलान्झापिन घेणाऱ्यांपैकी 30 टक्के रुग्णांचे वजन 7 टक्क्यांहून अधिक वाढले होते आणि त्यांचे ट्रायग्लिसराइड सरासरी सुमारे 40 मिलिग्रॅमने चढले होते, तर झिप्रासिडोनच्या गटात ते उतरले होते. मात्र त्याच अभ्यासात ओलान्झापिनवर टिकून राहणाऱ्या रुग्णांचे प्रमाणही इतर औषधांपेक्षा जास्त होते. आजाराला चांगले लागू पडणारे औषध आणि शरीराला महाग पडणारे औषध अनेकदा एकच असते, आणि डॉक्टरांचे खरे कौशल्य तेथे लागते. कमी धोक्याचे औषध मेदाच्या कामात अजिबात हात घालत नाही असेही नाही. अरिपिप्राझोल आणि जुने हॅलोपेरिडॉल कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या शेवटच्या टप्प्यातील एका एन्झाइमला अडवतात, पण त्यामुळे रक्ताच्या रिपोर्टमध्ये सहसा असा बिघाड दिसत नाही.

आमच्या बाबतीत डॉक्टरांनी औषध घाईने बदलले नाही, आणि मला त्यांचा तो निर्णय योग्य वाटतो. याआधी दुसऱ्या औषधावर भावाचा आजार उलटला होता, हे त्यांनी जुन्या कागदांवरून पाहून घेतले. त्यांनी ओलान्झापिनचा डोस टप्प्याटप्प्याने कमी करून आजार स्थिर राहील अशा पातळीवर आणला, किडनीची तपासणी करून मेटफॉर्मिन सुरू केले, आणि ट्रायग्लिसराइडसाठी लगेच वेगळी गोळी न देता आधी आहार आणि चालण्यावर भर दिला. मेटफॉर्मिन मधुमेहाची गोळी असल्यामुळे "याला शुगर झाली का" म्हणून आई घाबरली होती. 2008 साली चीनमध्ये 128 रुग्णांवर बारा आठवडे झालेल्या अभ्यासात आहार-व्यायाम आणि मेटफॉर्मिन दोन्ही मिळालेल्यांचे वजन सर्वांत जास्त उतरले होते, आणि मधुमेह नसतानाही ही गोळी या कारणासाठी दिली जाते. सुरुवातीला पोट बिघडले, जेवणानंतर घ्यायला लागल्यावर तो त्रास थांबला. आज भावाचे वजन 63 किलो, कंबर 90, ट्रायग्लिसराइड 178 आणि एचडीएल 37 आहे. ट्रायग्लिसराइड अजून रेषेच्या वर आहेत आणि औषध चालू असेपर्यंत लक्ष ठेवावेच लागणार आहे, पण त्याचे मन शांत आहे आणि तो तूर आणि कपाशीच्या कामाला जातो.

आहाराच्या बाबतीत या ओपीडीची समुपदेशक ताई विशेष उल्लेखास पात्र आहे. छापील कागदावर ओट्स, ब्रोकोली आणि सॅलड अशी यादी होती, ती तिने बाजूला ठेवली आणि आईला घरात काय शिजते ते विचारले. ज्वारीची भाकर तशीच ठेवायची पण मोजून वाढायची, वरण घट्ट करायचे आणि भात कमी, अंबाडी किंवा चवळीची भाजी रोज, तेलाची वाटी महिन्याच्या हिशेबाने आखायची, आणि जवसाची चटणी थोडी थोडी नेहमी ठेवायची, असा तिचा सल्ला होता. सर्वांत मोठी साखर कुठून जाते हे तिने विचारून काढले: मजुरीच्या ठिकाणी दिवसभर मिळणारा गोड चहा, आणि बाजाराच्या दिवशी आलूबोंडा व थंड पेयाची बाटली. तोंड कोरडे पडते म्हणून या रुग्णांना गोड पेये हवीशी वाटतात, त्याऐवजी पाणी किंवा मीठ कमी घातलेले ताक द्या, हे तिने सांगितले ते मला इतर कोठेही ऐकायला मिळाले नव्हते. रात्रीच्या भुकेसाठी डब्यात फुटाणे आणि काकडी ठेवायची, डब्याला कुलूप लावायचे नाही, हेही तिने बजावले. कुलूप लावलेल्या घरांत भांडणे होतात आणि रुग्ण गोळ्याच टाकून देतो, असा तिचा अनुभव आहे. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा चालण्याची वेळ पहाटेची ठेवावी हा सल्लाही योग्य होता, कारण यातील काही औषधे शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता कमी करतात.

आता उणिवांकडे वळतो. लिपिड प्रोफाइलसाठी उपाशीपोटी यावे लागते, आणि येथील सेवा नेमकी यातच अडखळते. लांबच्या खेड्यांतील रुग्ण पहिल्या एसटीने निघतात, रुग्णालयात रांग लागते, आणि रक्त घेईपर्यंत दुपार जवळ येते. ज्या औषधाने भूक अनावर होते ते औषध घेणाऱ्या माणसाला इतका वेळ उपाशी बसवणे कठीण आहे. अनेक जण मध्येच चहा-बिस्किटे घेतात, मग त्यांना पुढच्या महिन्यात या असे सांगितले जाते, आणि पुढच्या महिन्यात तेच घडते. खाल्ल्यानंतर एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल यांत फारसा फरक पडत नाही, मुख्यतः ट्रायग्लिसराइड वाढतात. त्यामुळे पहिली चाचणी खाऊन आलेल्या रुग्णाची करावी आणि ट्रायग्लिसराइड फार वाढलेले आढळले तरच उपाशीपोटी पुन्हा बोलवावे, अशी पद्धत जगात अनेक ठिकाणी स्वीकारलेली आहे. युरोपातील तज्ज्ञांनी 2016 मध्ये तशी शिफारसही केली आहे. आमच्यासारख्या तालुक्याला ही पद्धत फार सोयीची ठरेल. ते होईपर्यंत दूरच्या रुग्णांचे रक्त त्यांच्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळी घेता आले तरी मोठा प्रश्न सुटेल.

दुसरी अडचण रिपोर्टची. नमुना बाहेर जातो आणि रिपोर्ट पुढील ओपीडीत डॉक्टरांच्या टेबलावर येणे अपेक्षित असते. तो कधी येतो, कधी दुसऱ्याच विभागाच्या गठ्ठ्यात सापडतो. आमचा एक रिपोर्ट असाच उशिरा मिळाला आणि मेटफॉर्मिन सुरू व्हायला तेवढा वेळ गेला. ट्रायग्लिसराइड 500 च्या वर गेलेल्या रुग्णाला स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, आणि त्याला महिनाभर थांबवणे बरोबर नाही. अशा आकड्याचा फोन त्याच दिवशी यावा अशी व्यवस्था हवी. तिसरी गोष्ट म्हणजे तक्त्याच्या खालच्या टोकाची, कमी धोक्याची औषधे भिंतीवर दिसतात पण औषध खिडकीवर बहुधा मिळत नाहीत. अरिपिप्राझोल लिहून दिलेल्यांना ते बाहेरून विकत घ्यावे लागते. जनऔषधी दुकान जवळ असलेल्यांना ते परवडते, इतरांना नाही, आणि मग परवडते म्हणून ओलान्झापिन असा निर्णय होतो.

येथील आणखी एका पद्धतीचे मला मनापासून कौतुक वाटते. नव्या रुग्णाला पहिली गोळी देण्याआधीच वजन, कंबर, बीपी, शुगर आणि लिपिड यांची नोंद करतात. 2004 साली अमेरिकेतील मधुमेह आणि मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्र बसून हीच शिफारस केली होती: सुरुवातीला सर्व मोजावे, वजन चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला पाहावे, शुगर, बीपी आणि लिपिड बाराव्या आठवड्याला पुन्हा करावे. पहिल्या काही महिन्यांतच वजन सर्वांत वेगाने चढते, आणि पूर्वी कधीही औषध न घेतलेल्या तरुण, सडपातळ रुग्णांत ते अधिक चढते. सुरुवातीचा आकडाच नसेल तर नंतरचा आकडा औषधाचा की आधीपासूनचा हे ठरवता येत नाही. भावाचा उपचार सुरू होतानाचा असा एकही आकडा आमच्याकडे नाही.

हे वाचून कोणी स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये, म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. गंभीर मानसिक आजाराचे रुग्ण इतरांपेक्षा सरासरी 10 ते 20 वर्षे लवकर जातात आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा असतो, हे खरे आहे. पण फिनलंडमध्ये स्किझोफ्रेनियाच्या 66 हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासून 2009 साली जे निष्कर्ष आले, त्यांत औषध न घेणाऱ्यांचा मृत्युदर दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांपेक्षा जास्त होता, आणि वजन वाढवण्यात अग्रभागी असलेले क्लोझापिन घेणाऱ्यांचा मृत्युदर सर्वांत कमी होता. आमच्या पंचक्रोशीत वजन वाढते म्हणून गोळ्या सोडलेल्या दोन मुलांचा आजार पुन्हा उफाळलेला मी पाहिला आहे. औषध चालू ठेवून टेप, काटा आणि रक्ततपासणी यांनी त्यावर पहारा ठेवणे हा मार्ग आहे, आणि ही ओपीडी तो मार्ग दाखवते.

ज्यांना येथे किंवा आपल्या तालुक्यातील अशाच ओपीडीत जायचे आहे त्यांनी जुने सर्व कागद आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत न्यावीत, घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला बरोबर घ्यावे, आणि रक्त द्यायचे असेल तर आदल्या रात्रीच्या जेवणानंतर फक्त पाणी देऊन, रक्त दिल्यावर खायला भाकर-भाजी बांधून न्यावी. ओपीडीचा दिवस सणामुळे बदलतो, म्हणून निघण्यापूर्वी आशाताईंना विचारून घ्यावे. मधल्या काळात अडचण आली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. पाचपैकी गुण द्यायचे तर डॉक्टर, सिस्टर आणि समुपदेशक ताई यांना पाच, तपासणी आणि रिपोर्टच्या व्यवस्थेला दोन, औषधांच्या उपलब्धतेला तीन.